बसऱ्याला गेलेले आणि घरी राहिलेल्या

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो होतो. आज विषय अगदी वेगळा आहे, आणि तो मला सापडला पोह्यांच्या पातेल्यामागे उभं राहून.

झालं असं, की नगरच्या एका सेवाभावी क्लबच्या कार्यक्रमाला नाश्ता द्यायची ऑर्डर आमच्या ग्रामसंघाला मिळाली. १२० माणसांचे पोहे, चहा आणि शेंगदाण्याचे लाडू. (गाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालं आहे. चौंडीच्या लेकीचं नाव जिल्ह्याला मिळालं याचा मला आनंदच आहे, पण एसटीत बसताना तोंडातून अजून नगरच निघतं. तेवढं सांभाळून घ्या.) पहाटे चारला उठून कांदे चिरले, आठला टेम्पो निघाला. पातेली उतरवून झाल्यावर हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून आम्ही पाच जणी उभ्या राहिलो. भाषण संपल्याशिवाय नाश्ता द्यायचा नव्हता, म्हणून भाषण ऐकलं.

बोलायला लष्करातले निवृत्त अधिकारी आले होते. नगरला लष्कराचं नवल नाही. रणगाड्यांवर काम करणाऱ्या जवानांचं आणि अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून इथे आहे. यांत्रिकी पायदळाचं केंद्रही इथेच. किल्ल्याजवळचं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ मध्ये उघडलं, आपल्या शाळांच्या सहली तिथे जातात. आणि के. के. रेंजवर गोळे उडायला लागले की राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यातल्या किती गावांत मांडणीवरची भांडी वाजतात, ते तिथल्या बायकांना विचारा. पण साहेबांचा विषय नगर नव्हता, परदेशातली ड्यूटी होता. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली ते आफ्रिकेतल्या काँगो देशात राहून आले होते. गोमा नावाचं शहर, एका बाजूला मोठं सरोवर आणि डोक्यावर जागा असलेला ज्वालामुखी. पडद्यावर फोटो दाखवले. पाण्याच्या कॅनसाठी रांगेत उभ्या बाया, त्यांच्या पाठीला बांधलेली लेकरं, आणि बाजूला आपले जवान.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पुढच्या खुर्च्यांतून बंदुकांचे, पगाराचे आणि तिथल्या हवेचे प्रश्न आले. मग आमच्यातल्या एका ताईंनी मागूनच हात वर केला. "साहेब, तुम्ही तिकडं असताना घरचं कोण बघत होतं?"

हॉलमध्ये थोडं हसू झालं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, आजपर्यंत इतक्या ठिकाणी बोललो, हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या आईंना दवाखान्यात ठेवलं होतं ते त्यांना पंधरा दिवसांनी कळलं. तोवर आई घरी आल्या होत्या, दवाखान्याचं बिल भरून झालं होतं. सगळं बायकोने निभावलं, आणि फोनवर रोज 'इकडे सगळं ठीक आहे' एवढंच सांगितलं.

शेवटी जाता जाता त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "तुमच्या जिल्ह्यातल्या माणसाने इटलीत जाऊन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आहे. निमजचे नामदेव जाधव. माहीत आहेत?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी बी.ए. इतिहास घेऊन केलं आहे. पानिपत किती साली झालं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. संगमनेर तालुक्यातलं निमज मात्र मला उसाच्या ट्रॅक्टरवरच्या पाटीपुरतं माहीत होतं.

त्यानंतरचे दोन महिने मी वाचत राहिले, आणि आमच्या घरातलं एक जुनं बोलणं मला नव्याने कळलं. तेच आज सांगणार आहे.

आमच्या आजेसासूबाई नव्वदी पार करून गेल्या. त्यांच्या तोंडी एक शब्द होता, बसरा. कोणी नोकरीला दुबईला गेलं तरी त्या म्हणायच्या, "बसऱ्याला गेला का?" कोणी फार दिवस घरी आलं नाही तरी, "कुठं बसऱ्याला गेला होतास?" आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं. पण बसरा हे खरंखुरं बंदर आहे, आजच्या इराकमध्ये. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात तिथे गेले होते. आजेसासूबाई तेव्हा पाळण्यात होत्या.

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं. युरोपातल्या राजांचं भांडण, पण इंग्रजांचं राज्य आपल्यावर होतं म्हणून आपली माणसं गेली. भारतातून जवळजवळ १३ लाख माणसं समुद्रापार पाठवली गेली, त्यांत शिपाई होते तसे खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, डोलीवालेही होते. सुमारे ७४ हजार परत आले नाहीत. मराठी मुलखातले सर्वांत जास्त शिपाई गेले ते मेसोपोटेमियात, म्हणजेच बसऱ्याच्या बाजूला. 'पूना डिव्हिजन' नावाची फौज १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे उतरली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ नंबरच्या. शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता.

ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली, वाटेत मार खाऊन मागे फिरली, आणि कुट नावाच्या गावात अडकली. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस, तुर्कांनी तिला वेढा घातला होता. धान्य संपत आलं. इंग्रज शिपाई घोडे कापून खायला लागले, आपल्या बहुतेकांनी ते खायला नकार दिला. घरी गेल्यावर जात काय म्हणेल, ही भीती. हिंदुस्थानातून धर्मातल्या मोठ्या लोकांचे निरोप आले, की जीव वाचवायला खाल्लं तर दोष नाही, तरी कित्येकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावलं नाही. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. विमानातून पिठाच्या गोण्या टाकायचा प्रयत्न झाला, काही वेढ्यात पडल्या, काही नदीत. आणि मैत्रिणींनो, विमानातून जात्याचा दगडही टाकला होता. धान्य आहे पण दळायला काही नाही, अशी पाळी आली होती. मोठमोठ्या सेनापतींच्या नकाशांमध्ये हा दगड वाचताना मला एकदम घरातल्यासारखं वाटलं. दळण अडलं की सगळं अडतं, हे त्यांना तिथे कळलं असणार.

शेवटी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यांतल्या शिपायांना वाळवंटातून पायी नेलं, रेल्वेच्या कामावर जुंपलं. हजारो वाटेतच मेली.

आजेसासूबाईंचे वडील कुटमध्ये नव्हते, ते नंतरच्या तुकडीत गेले. बसऱ्याच्या बंदरात आणि मग नदीकाठच्या छावण्यांत त्यांनी तीन वर्षं काढली. घरी पत्र यायचं. ते मोडीत असायचं, आणि वाचणार कोण? गावातले मास्तर. मास्तर शाळेच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि सासरे, दीर, शेजारी सगळे ऐकायचे. उत्तरही मास्तरच लिहायचे. बाईने दाराआडून सांगायचं आणि मास्तरांनी लिहायचं. मग त्या पत्रात काय जाणार? पाऊस बरा आहे. तांबडा बैल मेला. पोरगी रांगते. मनीऑर्डर सासऱ्यांच्या नावाने यायची. ती कुठे खर्च होते, घरात आपल्याला काय वाढलं जातं, हे नवऱ्याला कळवायचं असेल तर ते दिरासमोर, मास्तरांच्या तोंडून कळवावं लागलं असतं. तिने कधी कळवलं नाही.

त्या पत्रांना गावचा कान होता, तसा सरकारचाही होता. युद्धावरून येणारी-जाणारी पत्रं सेन्सॉरचे लोक उघडून वाचायचे, भाषांतर करून वरच्या साहेबांना अहवाल द्यायचे. त्यांतल्या काही पत्रांचे उतारे लंडनच्या ग्रंथालयात आजही ठेवलेले आहेत, आणि त्यांच्यावरून इतिहासाची पुस्तकं झाली. शिपायाला काय वाटत होतं ते त्यामुळे थोडं तरी कळतं. घरच्या बाईला काय वाटत होतं ते कळायला मात्र फारच थोडं उरलं आहे, कारण तिचं पत्र तिच्या शब्दांत कधी लिहिलंच गेलं नाही.

मग १९१८ साल आलं. युद्ध संपत आलं होतं. त्या वर्षी मे-जूनमध्ये, युद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर, इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली असं मानलं जातं. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट आपल्या देशावर वणव्यासारखी पसरली. त्यातच पाऊस गेलेला, चारा नाही, धान्य महाग. भारतात किमान सव्वा कोटी माणसं त्या साथीत गेली असा अंदाज आहे, आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. जास्त का, हे आपल्याला डॉक्टरांनी सांगायला नको. करोनात आपण पाहिलं आहे, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं आणि शेवटी उरलेलं कोण खातं.

आजेसासूबाईंची आई त्या साथीत गेली. वय असेल वीस-बावीस. नवऱ्याला कळवलं नाही. परदेशात माणूस खचेल, असं सासऱ्यांनी ठरवलं. मास्तर पत्रं लिहीत राहिले, 'घरी सर्व खुशाल'. १९१९ मध्ये ते परत आले, पत्र्याची ट्रंक, खजुराची पिशवी आणि बायकोसाठी घेतलेलं कापड घेऊन. गावच्या वेशीवर कोणीतरी त्यांना सांगितलं. तो खजूर तीन वर्षांच्या पोरीने खाल्ला. आजेसासूबाई म्हणायच्या, तशी गोडी परत कशालाच आली नाही. आणि हे म्हणताना त्या हसायच्या, म्हणून आम्हाला कित्येक वर्षं ती गंमतीची गोष्ट वाटली.

बसऱ्याचा विषय निघाला की मला आता तीच जहाजं दिसतात. जाताना माणसं घेऊन गेली आणि येताना साथ घेऊन आली. गोळी लागून मेलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली. आपल्या महाराष्ट्रात काही गावांत अशा पाट्या आहेत, या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली, म्हणून ते आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. साथीत गेलेल्या बायकांची पाटी मी कुठे पाहिलेली नाही.

आता निमजकडे येते.

१९२२ मध्ये मराठ्यांच्या जुन्या पलटणींना नवे नंबर मिळाले. कुटमध्ये उपाशी राहिलेली १०३ नंबरची पलटण आता मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण झाली, जंगी पलटण. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा या पलटणीत निमजचे नामदेव जाधव शिपाई होते. १९२१ चा जन्म. १९४५ च्या एप्रिलमध्ये पलटण इटलीत होती, सेनिओ नावाच्या नदीवर.

नदी म्हणजे काही गोदावरी नव्हे. पंधरा फूट रुंद, चार-पाच फूट खोल, आपल्या ओढ्याएवढी. पण दोन्ही बाजूंना पूर अडवायला बांधलेले तीस-पस्तीस फूट उंच बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी उंदरांसारखी बिळं करून मशीनगन बसवलेल्या. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरलेले. ९ एप्रिलच्या संध्याकाळी हल्ला सुरू झाला. नामदेव रनर होते, म्हणजे कंपनी कमांडरच्या सोबत राहून निरोप पोचवणारा शिपाई. नदी ओलांडून ते पलीकडे चढतात न चढतात तोच मागच्या बांधातल्या मशीनगन सुरू झाल्या. कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले, बाकीचे सगळे मेले. उभे राहिले एकटे नामदेव.

त्यांनी एका जखमीला पाठीवर घेतलं, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वर चढवून सुरक्षित जागी ठेवलं. परत गेले आणि दुसऱ्याला आणलं. इथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. ते तिसऱ्यांदा गेले. पहिलं मशीनगनचं ठाणं टॉमीगनने बंद केलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि हातगोळे घेतले. त्या हातगोळ्यांनी आणखी दोन ठाणी बंद केली. मधे हातगोळे संपले तेव्हा सरपटत बांधावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले. मग बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत त्यांनी उरलेल्या दोन्ही कंपन्यांना पुढे बोलावलं. वय तेवीस.

हे मी कोणा शाहिराकडून ऐकलेलं सांगत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस देताना सरकारी गॅझेटात जे छापलं त्याचंच हे सार आहे.

त्याच नदीवर, त्याच दिवशी, आणखी एका भारतीय शिपायाला हाच क्रॉस मिळाला. अली हैदर, पठाण, कोहाटकडचे, म्हणजे आजच्या पाकिस्तानातले. इटलीच्या सगळ्या लढाईत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले ६ भारतीय फौजेतल्या जवानांना. आणखी एक मराठी नाव त्यांत आहे, यशवंत घाडगे, माणगावकडच्या पळसगावचे, नाईक. तेही १९२१ सालचेच. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, तेव्हा एकट्याने पुढे जाऊन त्यांनी मशीनगनचं ठाणं घेतलं. गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांचा क्रॉस त्यांच्या पत्नीने व्हाइसरॉयच्या हातून घेतला. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. एवढ्या लांबच्या गावाने आठवण ठेवली.

इटलीत ५० हजारांहून जास्त भारतीय जवान लढले आणि त्यांतले ५,७८२ तिथेच राहिले. फोर्ली नावाच्या गावी भारतीय जवानांचं स्मशान आहे. दफन केलेल्यांची थडगी एका बाजूला, आणि ज्यांना धर्माप्रमाणे अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक.

नामदेव जाधव जिवंत परत आले, पुढे हवालदार झाले आणि १९८४ मध्ये पुण्यात वारले. मी दहावीला होते तेव्हाही त्यांचं नाव आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

का नव्हतं, याचा विचार करताना मला नगरचा किल्ला आठवला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेसच्या मोठ्या नेत्यांना पकडून इंग्रजांनी आपल्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं, हे आपल्याला सहलीत सांगतात. नेहरू त्या किल्ल्यातून बाहेर पडले २८ मार्च १९४५ ला, तेही सुटून नव्हे, दुसऱ्या तुरुंगात जायला. त्यानंतर बाराव्या दिवशी नगर जिल्ह्याचाच एक तरुण सेनिओच्या बांधावर इंग्रजांच्या फौजेतून लढत होता. एकाच जिल्ह्याच्या मातीत हे दोन्ही. स्वातंत्र्य मिळाल्यावर, इंग्रजांनी दिलेल्या पदकाचं काय करायचं हा प्रश्न अवघड झाला असणार. मला स्वतःला यात कोणी बरोबर आणि कोणी चूक असं दिसत नाही. कोरडवाहू शेतीत दोन भावांचं भागत नव्हतं, तिसरा पलटणीत गेला, एवढा साधा हिशेब कित्येक घरांत होता. पण शिकवायचं तर दोन्ही शिकवा, असं मात्र वाटतं.

आणि किल्ल्यातल्यांच्या घरीही बायका होत्याच. मौलाना आझाद किल्ल्यात असताना, १९४३ च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आझादांनी सुटकेसाठी सरकारकडे याचना केली नाही. बायको गेल्याची बातमी त्यांना आपल्या नगरच्या भिंतींच्या आत कळली. त्या काळात त्यांनी मित्राला पत्रं लिहिली, जी पाठवताच येत नव्हती. पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने त्यांचं पुस्तक झालं. बसऱ्याला माणूस गेला काय आणि किल्ल्यात गेला काय, घरची बातमी उशिराच पोचायची.

युद्ध संपल्यावरचं एक सांगायचं राहिलं, आणि ते आपल्याशी थेट जोडलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय फौज २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपल्यावर त्यांतल्या बहुतेकांना घरी पाठवलं. चार-पाच वर्षांच्या नोकरीवर पेन्शन बसत नव्हती. थोडी रक्कम हातावर आणि डिस्चार्जचं पुस्तक, एवढं घेऊन माणसं गावी आली आणि पुन्हा औताला लागली. पुढे आपल्या राज्य सरकारने दुसऱ्या महायुद्धातल्या अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत सुरू केली. पण ती मिळायला ते डिस्चार्जचं पुस्तक लागायचं. कित्येक घरांत ते वाळवीने खाल्लं होतं, किंवा घर शाकारताना फेकून दिलं होतं.

साहेबांच्या काँगोकडे परत येते. आपली माणसं अजूनही परदेशी जातात, फरक एवढाच की आता आपलं सरकार पाठवतं आणि काम शांतता राखायचं असतं. आजवर ५० च्या आसपास मोहिमांमध्ये भारताचे २ लाख ९० हजारांहून जास्त जवान जाऊन आले. आणि आता बायकाही जातात. २००७ मध्ये लायबेरिया देशात भारताने केंद्रीय राखीव पोलिस दलातल्या महिलांची अख्खी तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिलीच. २०१६ पर्यंत एकामागून एक अशा तुकड्या गेल्या. रात्रीची गस्त घालणाऱ्या या बायांना बघून तिथल्या मुली पोलिसात भरती व्हायला लागल्या. काँगोत काम केलेल्या मेजर राधिका सेन यांना २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यांची तुकडी गावागावात जाऊन बायकांशी बोलायची, कुठल्या वाटेवर भीती वाटते, पाण्याला कुठे जाता, असं विचारायची. म्हणजे आपण गटाच्या बैठकीत जे करतो त्यातलंच थोडं, फक्त बाहेर बंदुका घेतलेली माणसं. मला ते वाचून बरं वाटलं. या बाया तिकडे असताना त्यांच्या घरचं कोण बघत असेल, हा आमच्या ताईंचा प्रश्न इथे उलटा विचारायला हवा.

त्या ताईंनी तो प्रश्न का विचारला, ते मला परत येताना टेम्पोत कळलं. त्यांच्या सासूबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, फौजीच्या बायको. सासरे १९८० च्या दशकात हवालदार म्हणून निवृत्त झाले, पेन्शन चालू होती. मागच्या वर्षी ते वारले. मावशींना कुटुंब पेन्शन मिळायला हवी, ती आठ महिने अडली होती. कारण काय, तर फौजेच्या रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव माहेरचं, आधारकार्डावर सासरचं. लग्नात आपल्याकडे नाव बदलायची रीत, कित्येकींचं पहिलं नावही बदलतात. फौजेच्या कागदावरची बाई एक, बँकेतली बाई दुसरी. ज्या बाईने तीस वर्षं त्या माणसाची वाट पाहिली, तिला आता ती तीच आहे हे सिद्ध करायचं होतं. एका कार्यालयात तर तिला सांगितलं, "नवऱ्याला घेऊन या."

म्हणून आम्ही त्या महिन्याच्या बैठकीत, हप्ते गोळा झाल्यावर, एक काम केलं. ज्यांच्या घरी कोणी फौजेत आहे किंवा होतं, त्यांनी ट्रंका उघडायच्या. आमच्या गावातल्या चार गटांत मिळून अकरा घरं निघाली. पेन्शनचा पीपीओ आहे का, त्यावर बायकोचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, खातं दोघांच्या नावावर आहे का, आणि 'स्पर्श'वर दरवर्षी द्यायचा हयातीचा दाखला कोण भरतं, एवढं पाहिलं. अकरापैकी सहा घरांत बायकोच्या नावात फरक निघाला. दोन ठिकाणी नवरा अजून नोकरीत आहे, तिथे दुरुस्ती सोपी आहे. त्याने स्वतःच्या युनिटमध्ये अर्ज दिला की नोंद होते, म्हणून तिथे फोन करून लगेच सांगितलं. बाकीच्यांसाठी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि नगरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे या कामाची माहिती मिळते, फॉर्म भरून द्यायला माणूस असतो. तुमच्या घरी असं काही असेल तर माणूस हयात असतानाच हे पाहून घ्या. आणि ट्रंक उघडाल तेव्हा नवऱ्याला, सासऱ्यांना शेजारी बसवा. आमच्याकडे एका आजोबांनी पीपीओ शोधताना एवढं बोललं, जेवढं चाळीस वर्षांत बोलले नव्हते. ते श्रीलंकेला गेले होते, १९८७ मध्ये. घरच्यांना वाटत होतं, मद्रासला होते.

एका ट्रंकेत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली इटलीतलं एक पोस्टकार्ड निघालं. चर्चचं चित्र, मागे पेन्सिलीने चार ओळी मोडीत. मोडी वाचता येणारं गावात कोणी उरलेलं नाही. संगमनेरला एक निवृत्त गुरुजी वाचतात असं कळलं आहे. कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आहे.

मावशींचं प्रतिज्ञापत्र झालं. येत्या मंगळवारी मी त्यांना घेऊन नगरला चालले आहे, सकाळच्या सातच्या एसटीने. मावशींनी आत्तापासून विचारून ठेवलं आहे, तिथे सही चालेल का अंगठाच लागेल. त्यांना सही येते. गटात शिकल्या आहेत.